गाठ आत्याच्या हातची

आमच्या एउआ बेटावर आत्याबाईला मिशांची गरज पडत नाही. मिशा नसतानाच ती बापाहून मोठी असते. बाप घरात निवांत बसलेला असला आणि त्याची बहीण अंगणात दिसली, की तो मुकाट्यानं उठतो आणि मागच्या दारानं बाहेर पडतो. न्हाणं धुणं कळू लागल्यापासून भाऊ-बहीण एका छपराखाली बसत नाहीत, एका चटईवर तर नाहीच नाही. माया नसते असं नाही. माया इतकी असते की तिला डोळ्यासमोर धरवत नाही, म्हणून भिंतीआड ठेवायची, एवढंच.

आणि भाऊ मेला की मग ती बहीण राणी होते. मढ्याच्या उशाशी ती बसते. भावाची पोरंबाळं जुन्या फाटक्या चटया कमरेला गुंडाळून, काथ्याच्या दोरीनं करकचून बांधून, मागे स्वयंपाकाच्या भट्टीच्या धुरात राबतात. कुणाचे केस कापायचे, आत्या सांगणार. शोकाची चटई कमरेवरून कधी सोडायची, तेही आत्याच सांगणार, आणि सोडणारही तीच, आपल्या हातानं. हे तिला विचारता येत नाही. मागता तर मुळीच येत नाही. खालच्यानं वरच्याकडे स्वतःची सुटका मागावी, असा शब्दच आमच्या बोलीत कुणी घडवून ठेवलेला नाही.

तोकिलूपेचा बाप इनोके गेला त्याला वर्ष उलटून गेलं होतं. वर्ष उलटलं, त्यावर रताळ्याचं एक पीक निघालं, दुसरं लावून झालं, तरी लूपेच्या कमरेची चटई तशीच. घरात असली की काढून खुंटीला लावायची. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं तर बांधायची. देवळात चटई, दुकानात चटई, धक्क्यावर मासळी घ्यायला गेली तरी चटई. बगलेपासून पोटरीपर्यंत तिचा घेर. कडेच्या पाती निघून लोंबत होत्या. चालताना ती खरखर वाजे, आणि वाटेवरची डुकराची पिल्लं बाजूला होत.

"आली बघ गंजी चालत," असं पोरं म्हणायची. लूपे हसायचीही. चाळिशीच्या बाईला गंजी म्हणून घेण्यात काय लाज. पण घरी येऊन दोरी सोडली, की कमरेवर दोरीचा वळ दिसे, आणि त्या वळावरून बोट फिरवत ती उभी राही.

शोकातली बाई बेट सोडून जात नाही, असा त्या घराचा नेम. आणि लूपेला जायचं होतं. समुद्रापार, ब्रिस्बेनला. तिथे तिची लेक होती, सिउताका. नवरा बुडाला त्या साली लूपेनं पाच वर्षांच्या लेकीला धाकट्या बहिणीबरोबर तिकडे पाठवलं होतं, 'मी आलेच मागोमाग' म्हणून. मागोमाग काही ती गेली नाही. आधी आई अंथरुणाला खिळली, मग बाप. आता सिउताका बारा वर्षांची झाली होती. रविवारी फोनवर दिसायची. केस आखूड, दातांना तारा. आई आमच्या बोलीत काही विचारी, लेक इंग्रजीत काही तरी भराभर सांगे, आणि त्यातलं 'बाय' तेवढं लूपेला नीट समजे.

तिकडे म्हाताऱ्यांच्या आश्रमांत माणसं हवी होती. म्हातारे उचलायला, पुसायला, भरवायला. हे काम लूपेला शिकवायला नको होतं. तिनं दोन माणसं आपल्या हातानं पोचवली होती. पण इंग्रजीची परीक्षा द्यायची होती, बोटीनं राजधानीला, नुकुआलोफाला जाऊन, लेखी. तारीख ठरलेली होती. ती तारीख चुकली की पुढची कधी, हे कुणी सांगत नव्हतं.

आणि सबंध गावात इंग्रजी शिकवील असं माणूस एकच होतं. तीच आत्या.

कालोलाइने आत्यानं सरकारी शाळेत उभी हयात इंग्रजी शिकवलं होतं. लग्न केलं नाही. 'वर्गातली एवढी कार्टी पुरे झाली,' म्हणायची. आता साखरेनं तिचा पाय खाल्ला होता. जखम पट्टीखाली ओलीच असायची. डोळ्यांपुढे धुकं, पण कान मात्र शाळेतलेच राहिले होते. मागच्या बाकावरची चूकही ऐकू यायची. लूपे तिला कूस बदलून द्यायची, पट्टी बदलायची, नीरफणस भाजून त्याचा गर कुस्करून भरवायची, आणि मग दुपारच्या वेळी तिच्या खाटेच्या पायाशी, जमिनीवर, डोकं आत्याच्या डोक्याहून खाली राहील अशी बसून इंग्रजी वाक्यं करायची.

"आज कुठलं क्रियापद?" आत्यानं विचारलं.

"तुम्ही सांगाल ते."

"रिलीव्ह. म्हाताऱ्यांच्या कामाला निघालीस ना? तिथं हे मिठासारखं लागेल. ओझं उतरवायचं, दुखणं हलकं करायचं. कर वाक्य."

लूपेनं मनात शब्द जुळवले. आपल्या बोलीत जसे येतात तसे. मग सावकाश म्हणाली, की मी ओझं रिलीव्ह करते, म्हातारीपासून.

"आणि म्हातारी कुठाय? मागे उभीय? ओझं आधी, म्हातारी शेवटी? ओझं काय हवेत लटकलं होतं?" आत्या खेकसली. "माणूस आधी घे. रिलीव्ह म्हण, मग माणूस, मग 'ऑफ', मग ओझं. आधी माणसाकडे बघायचं, मग त्याच्या डोक्यावर काय आहे ते बघायचं. दुखणं असेल तर मात्र सरळ दुखणंच. रिलीव्ह द पेन. तिथं मध्ये कुणी नको."

"दुखण्यात मध्ये कुणी नको," लूपे पुटपुटली.

"पाठ नको करू, समज."

दाराबाहेर लूपेची भावजय पिसिला मानिओकेचे कंद सोलत बसली होती. तिची जीभ कंद सोलायच्या सुरीसारखीच, आखूड आणि धारदार. ती तिथूनच ओरडली, "आत्या, माझंही वाक्य ऐका. रिलीव्ह मी ऑफ सामिसोनी. बरोबर आहे का?"

सामिसोनी तिचा नवरा, लूपेचा भाऊ. तो कुठे तरी अंगणापलीकडे असेल. बहीण घरात असली की तो आत फिरकत नसे.

"व्याकरण बरोबर," आत्या म्हणाली, "अर्ज नामंजूर."

तिघी हसल्या. आत्या हसली की तिला खोकला येई, मग लूपे तिची पाठ चोळी. हसूही असं, कामाला लावून जाणारं.

पण लूपेच्या मनात हसू टिकत नसे. शेजारच्या विणायच्या घरातून दुपारभर बायकांचं गाणं येई. तिथे पाती सोलत, ओल्या करत, बोटांनी एकावर एक चढवत त्या म्हणत,

*केतकीची पात, काट्याकाट्यानं सोलावी*
*भावाच्या झोपेला, बहिणीनं गं विणावी*

ते ऐकलं, की खुंटीवरच्या चटईकडे तिची नजर जाई. तिला ठाऊक होतं, ती चटई बापाची निजायची चटई होती. जन्मभर तो तिच्यावर निजला. कुणी विणली, कधी विणली, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. चटया घरात असतात, भांडी असतात तशा. मयताच्या दिवशी आत्यानंच बोट दाखवून ती काढायला लावली होती. 'ही बांध,' म्हणाली होती, तेवढंच.

"तुला काही कळत नाही का गं?" एकदा विहिरीपाशी पिसिला म्हणाली. "ती सोडतच नाही बघ. का सोडेल? सोडली की तू निघालीस बोटीनं. मग हिचा पाय कोण धुणार? मी? माझ्या हातची पट्टी तिला टोचते म्हणे. राणीसरकार आहेत. फुकटची नर्स बांधून ठेवलीय कमरेला दोरी घालून."

"असं बोलू नये."

"मी बोलते, तू विचार करतेस. फरक काय?"

लूपेनं कळशी उचलली आणि चालू लागली. चटई खरखरत होती. त्या खरखरीत तिला रोज हेच ऐकू यायचं, आता पिसिलानं ते तोंडानं म्हटलं एवढंच. आत्या आपल्याला धरून ठेवतेय. आणि आपल्याला विचारता येत नाही. डोंगरावरून खाली समुद्र दिसत होता, आणि बोट नुकुआलोफाकडे निघाली होती, पांढरी, लहान, कुणाच्या तरी हातून निसटल्यासारखी.

त्या रविवारी सिउताकानं फोन उचलला नाही. बहीण म्हणाली, मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेलीय, नंतर करील. नंतर फोन आला नाही.

सोमवारी दुपारी लूपे खाटेच्या पायाशी बसली. एक वाक्य केलं, नर्सनं रोग्याचं दुखणं रिलीव्ह केलं. 'बरोबर.' दुसरं केलं, हमालानं म्हाताऱ्याला टोपलीच्या ओझ्यातून रिलीव्ह केलं. 'बरोबर. पुढचं.' आत्याचे डोळे मिटलेले होते. बाहेर पिसिलाची सुरी चालू होती.

लूपेनं मान खाली घातली. आमच्या बोलीत राजाशी बोलायचे शब्द वेगळे, सरदाराशी वेगळे, आत्याशी बोलताना तर आवाज कुठे ठेवायचा तेही ठरलेलं. पण इंग्रजी भाषा म्हणजे सपाट वाळू. तिथे राजालाही 'यू' आणि डुकराच्या पिल्लालाही 'यू'. त्या वाळूवर उभं राहून काही म्हटलं तर ते आपण म्हटलं असं होत नाही, वाक्य केलं असं होतं.

"द आँट," ती म्हणाली. थांबली. "द आँट कॅन रिलीव्ह द गर्ल ऑफ द मॅट."

बाहेर सुरी थांबली.

छपरावर कोंबडा चालत होता, त्याच्या नखांचा आवाज आला. लूपेला वाटलं, आपण हे काय म्हणालो? आत्या त्या मुलीला चटईच्या ओझ्यातून मोकळं करू शकते. मागितलं आपण. जे कुणी मागितलं नाही ते मागितलं.

आत्यानं डोळे उघडले नाहीत.

"बरोबर," ती म्हणाली. मग जरा वेळानं, "पण 'गर्ल' नाही. चाळिशीच्या बाईला गर्ल म्हणत नाहीत. 'वूमन' घाल. पुढचं."

पुढचं वाक्य लूपेला आलं नाही. पट्टीचं पाणी टाकायचं निमित्त करून ती बाहेर गेली आणि केळींच्या मागे जाऊन उभी राहिली. पिसिला धावत आली.

"आगीत हात घातलास! आणि काय म्हणाली ती? मला मॅट तेवढं कळलं."

"म्हणाली, गर्ल नाही, वूमन."

पिसिलानं तोंडावर हात घेतला. हसू दाबायला की रडू, ते तिचं तिलाही कळलं नसेल. "दगड आहे गं," ती म्हणाली. "काळा दगड. भरतीचं पाणी आलं काय, गेलं काय."

दुसऱ्या दिवशी लूपे वाक्यं करायला बसलीच नाही. पट्टी बदलली, भरवलं, कूस बदलून दिली, आणि उठू लागली. आत्याचा हात आला. बोटं सुकलेल्या पातीसारखी. त्यांनी लूपेची बाही धरली.

"बस. आज मी वाक्य करते. तू सांग बरोबर की चूक."

लूपे बसली.

आत्या शाळेतल्या आवाजात, एकेक शब्द फळ्यावर लिहावा तसा, इंग्रजीत बोलू लागली. ती जे म्हणाली ते आमच्या बोलीत बहिणीला भावाविषयी बोलता येत नाही. अंगाविषयी, पाठीविषयी, झोपेविषयी तर नाहीच. ते सगळं ती त्या सपाट वाळूवर ठेवत गेली.

एक मुलगी होती, ती म्हणाली. तिनं भावासाठी चटई विणली. तिची ती पहिली चटई. कडा वाकडी झाली होती. मुलीनं ती आईच्या हाती पाठवली, कारण भावाच्या हातात स्वतः नेऊन द्यायची वयं सरली होती. भाऊ काही बोलला नाही. पण पुढे कितीतरी चांगल्या चटया घरात आल्या, आणि तो त्या वाकड्या कडेच्या चटईवरच निजला. जन्मभर. हे मुलीला त्याच्या बायकोकडून कळायचं, मग त्याच्या लेकीकडून. ती घरात आली की तो उठून जायचा. तिनं त्याला आयुष्यभर पाहिलं ते पाठमोरं. दारातून बाहेर पडणारी पाठ. तेवढाच भाऊ.

इथे ती थांबली. लूपेनं तिला पाणी दिलं. अर्धं गळ्यावर सांडलं.

"आता खरं वाक्य ऐक," आत्या म्हणाली. आणि इंग्रजीतच म्हणाली, ती बाई ती चटई बांधून माझ्या दारातून बाहेर जाते, तेव्हा मला माझ्या भावाची पाठ दिसते. नोबडी कॅन रिलीव्ह मी ऑफ धिस.

यातून मला कुणी सोडवू शकत नाही.

"बरोबर की चूक?"

लूपे एवढे दिवस दारातून गेली, आली. कळशी घेऊन, कपडे घेऊन, रागानं, कधी मुद्दाम पाय आपटत. आणि खाटेवरच्या धुरकट डोळ्यांना प्रत्येक वेळी कोण जाताना दिसत होतं!

"बरोबर," ती म्हणाली.

"ऑफ कशाला लागलं ते कळलं?"

"कळलं, आत्या."

"मग झालं."

गुरुवारी बोट होती, शुक्रवारी परीक्षा. बुधवारी आत्याला ताप चढला. पायाचा वास घरभर झाला. दवाखान्यातली बाई येऊन गेली आणि पिसिलाशी अंगणात हळू बोलली. लूपेला न सांगताही समजलं. हा वास तिच्या ओळखीचा होता. आईच्या वेळचा, बापाच्या वेळचा. तिनं जायचा विचार सोडून दिला. लेकीचं तोंड आठवायचं नाही असं ठरवलं, पट्ट्या उकळायला ठेवल्या आणि चुलीसमोर बसली. आता आत्या गेली तर आत्यासाठी पुन्हा चटई. आत्या बापाहून मोठी, म्हणजे चटईही मोठी, आणि वर्ष पुन्हा पहिल्यापासून. ती सोडायला तर वर कुणी उरणारच नाही.

सकाळ झाली. आत्यानं हाक मारली, ताप असूनही खणखणीत.

"पिसिला! मला उठवून बसव. लूपे, चटई बांध."

"कुठे जायचंय, आत्या?"

"बांध म्हटलं ना."

लूपेनं खुंटीवरून चटई काढली. कमरेला वेढली. दोरीची गाठ मारली. पिसिलानं आत्याला मागून धरून बसवलं होतं.

"जवळ ये. अजून जवळ. वाक."

आत्याची बोटं गाठीशी आली. धुक्यातून चाचपत गाठ शोधली. काथ्या जुना, घामानं आवळलेला; गाठ निघेना. लूपे मदतीला हात आणू लागली तर आत्यानं तो झटकला. नख मोडलं. बोट थांबलं, पुन्हा लागलं. अंगणापलीकडे बोटीचं सामान गाडीत चढवायची गडबड ऐकू येत होती. पिसिला नाक ओढत होती आणि आत्या तिला म्हणत होती, "माझ्या मानेवर गाळू नको गं, आधीच ओली आहे मी." शेवटी गाठीचा एक पदर सैल झाला. मग दुसरा. चटई लूपेच्या पायाशी खाली बसली, एखादं जनावर थकून बसावं तशी.

आत्यानं तिच्या कमरेवर तळहात ठेवला. वळावर.

मग म्हणाली, "ही इकडे घाल. माझ्याखाली."

"आत्या!" पिसिला किंचाळलीच. "मामंजींची निजायची चटई! भावाच्या चटईवर..."

"मी येताना दिसले की तो उठून जायचा," आत्या म्हणाली. "आता कुठे उठून जातोय? पहिल्यांदाच बसून राहिलाय. घाल."

दोघींनी तिला उचललं आणि ती वाकड्या कडेची चटई तिच्याखाली सरकवली. आत्यानं कडेवरून हात फिरवला आणि तो वाकडेपणा बोटांना सापडला तिथे थांबली.

"आता जा," ती लूपेला म्हणाली. "आणि शुक्रवारपर्यंत मी मरत नाही. शाळेत एकही दिवस रजा न घेतलेली बाई आहे मी."

बोटीवर लूपेला सारखं वाटत होतं, आपण काही तरी विसरलो. पुन्हा पुन्हा कमरेशी हात जाई. वारा पोटाला लागत होता. वर्षभर तिथे वारा लागला नव्हता. हलकं वाटायला हवं होतं. हलकं नाही, उघडं वाटत होतं. एउआचे कडे मागे पडले, लाटा बोटीला कुशीवर टाकत राहिल्या, आणि ती कठड्याला धरून मनातल्या मनात वाक्यं करत राहिली. आधी माणूस. मग ओझं.

परीक्षेच्या खोलीत पंखा होता आणि खूप बायका होत्या, सगळ्या काळजीनं एकमेकींकडे न पाहणाऱ्या. एका प्रश्नात विचारलं होतं, तुम्ही सेवा केलेल्या एखाद्या वृद्ध व्यक्तीबद्दल लिहा. लूपेनं पेन उचललं. आईबद्दल लिहावं की बापाबद्दल, क्षणभर कळेना. मग तिनं आत्याबद्दल लिहिलं. पायाच्या जखमेबद्दल लिहिलं, कूस बदलण्याबद्दल लिहिलं, आणि शेवटी लिहिलं, मी तिचं दुखणं रिलीव्ह करू शकले नाही, पण तिनं मला रिलीव्ह केलं. पुढे 'ऑफ' लिहिलं आणि थांबली. कशाच्या ओझ्यातून, हे परीक्षकाला कसं सांगायचं? चटई म्हटलं तर त्याला हसू येईल. मग तिनं तेच लिहिलं. हसला तर हसू दे.

शनिवारी सकाळी ती परतीच्या बोटीसाठी धक्क्यावर आली. बोट नुकतीच लागत होती. उतरणाऱ्या माणसांत, कंदांच्या पोत्यांत, बांधलेल्या डुकरांत तिला भाऊ दिसला. सामिसोनी. त्याला इथे यायचं काही कारण नव्हतं. काळे कपडे. काखेत गुंडाळलेली चटई. लांबूनही लूपेला वाकडी कड दिसली.

तो तिच्यापासून चार हात लांब थांबला. भाऊ होता, जवळ येणार नव्हता, बहिणीच्या तोंडाकडे बघणार नव्हता. चटई त्यानं दोघांच्या मधे, फरशीवर ठेवली आणि समुद्राकडे बघत बोलला.

"काल. दुपारी."

काल दुपारी पंखा फिरत होता. लूपे तेव्हा 'ऑफ'शी थांबली होती.

"माती सोमवारी," सामिसोनी म्हणाला. "ही तू बांधायचीस, पण मातीपर्यंतच. असं तिनं सांगितलंय, पाद्रीबुवांच्या बायकोला साक्षीला बसवून. मातीत तिला गुंडाळायचं ते हिच्यातच. मग तुझ्या कमरेला काही नको. दहा दिवस नको, वर्ष नको. कुणी काही म्हटलं तर म्हणावं, आत्याचा हुकूम आहे."

त्यानं घसा साफ केला.

"आणि एक वाक्य पाठ करायला लावलं मला. दहादा म्हणून घेतलं. ताप चढलेला, तरी प्रत्येक वेळी चूक काढायची." तो समुद्राकडे बघून, शाळेत मार खाल्लेल्या पोरासारखा, अडखळत म्हणाला, "आय... रिलीव्ह... हर... ऑफ... इट." मग जरा थांबून, "विचार म्हणाली, बरोबर आहे का."

लूपेला त्याचे खांदे दिसत होते. पाठमोरे.

"बरोबर," ती म्हणाली. "अगदी बरोबर."

मग ती वाकली. चटई उचलली, कमरेला वेढली. पातींना तापाच्या घामाचा वास होता, औषधाचा होता, आणि त्याखाली कुठे तरी खूप जुना, बापाच्या उशीचा. दोरी मागून घेऊन पुढे आणायची तर हात पुरेनात, की हातांत बळ राहिलं नव्हतं कोण जाणे. भाऊ मदत करू शकत नव्हता. तो पाठ करून उभा होता आणि त्याची पाठ हलत होती.

धक्क्यावर भाजलेल्या शेंगा विकणारी एक म्हातारी बसली होती. ती उठली. काही विचारलं नाही, कोण, कुठली, कुणाची. लूपेच्या हातातून दोरीची टोकं घेतली, पोटाशी आवळली, गाठ मारली.

"घट्ट झाली का गं?"

"नाही, आई. बरोबर आहे."

"सैल बांधली तर वाटेत सुटते," म्हातारी म्हणाली, आणि शेंगांकडे परत गेली.

बोटीनं भोंगा दिला. लूपे खरखरत फळीवरून चढली, माणसांनी बाजूला होऊन तिला वाट दिली. फोन वाजला, पडद्यावर सिउताकाचं तोंड होतं, तारांच्या दातांनी काही तरी सांगू बघणारं. लूपेनं तो कानाला लावला. पलीकडून लेकीचा आवाज आला, इंग्रजीतच, पण हळू. मावशीनं तिला आत्याचं सांगितलं होतं.

"मॉम? आर यू ओके?"

लूपेनं वाक्य जुळवायचा प्रयत्न केला. माणूस आधी. मग ओझं. पण वाक्यात आधी कुणाला घ्यायचं, हेच तिला ठरवता येईना. ती नुसती फोन धरून उभी राहिली, आणि पलीकडेही लेक फोन धरून उभी राहिली. या वेळी 'बाय' म्हणाली नाही.

एउआचे कडे समोर वर येत होते. चटई कमरेला ऊबदार होती. आणखी दोन दिवस, मग ती मातीत जायची. बहीण आता कायमची भावाच्या अंथरुणात निजायची, आणि या वेळी कुणी उठून जाणार नव्हतं.